लाच : एका जुन्या शब्दाची कुळकथा

श्रोतेहो, आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत, की ते उच्चारताना माणूस आपोआप आवाज खाली आणतो. 'लाच' हा त्यांतलाच एक. 'मी लाच दिली' असे चारचौघांत सहसा कोणी सांगत नाही, आणि 'मी लाच घेतली' असे तर कोणीच सांगत नाही. देणारा म्हणतो, 'जरा हात ओले करावे लागले.' घेणारा म्हणतो, 'आमच्या चहापाण्याचं काय?' आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला म्हणतो, 'अहो, कागदावर थोडं वजन ठेवा, नाहीतर उडून जाईल.' एवढा खटाटोप करून जो शब्द टाळावयाचा, तो आला तरी कोठून, तो किती जुना, आणि माणसे त्याला एवढी का बिचकतात, हे आज थोडे पाहू. शब्दाची चौकशी करता करता राज्यकारभाराचीही थोडी चौकशी होईल. त्याला इलाज नाही.

जुन्या छापील पुस्तकांत हा शब्द 'लांच' असा, डोक्यावर टिंब देऊन छापलेला आढळतो. मोल्सवर्थ साहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशातही त्याच्या डोक्यावर टिंब आहे. बोलताना हे टिंब कोणी उच्चारीत नसे. लिहिताना मात्र देत असत. पुढे १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि उच्चारात नसलेली अशी टिंबे लेखनातून गेली. मुलांचा आणि मास्तरांचा त्रास वाचला, हे खरे. पण 'लांच'वरचे ते टिंब म्हणजे त्या शब्दाचा जन्मदाखला होता. या जागी पूर्वी एक अनुनासिक व्यंजन नांदत होते, याची ती खूण होती. आपल्या शेजारच्या गुजरातीने ही खूण अजून जपली आहे. तेथे आजही 'लांच' असेच लिहितात. कानडीत 'लंच', तेलुगूत 'लंचम', तमिळमध्ये 'लंजम'. म्हणजे साबरमतीपासून कावेरीपर्यंत एकच शब्द चालतो! उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या भाषांची कुळे निराळी असतील. या बाबतीत मात्र त्यांचे एकमत झालेले दिसते.

आणखी मागे गेले, की हाच शब्द पालीत भेटतो. पालीत 'लञ्च' म्हणजे भेट आणि लाचही. संस्कृत कोशांतही 'लञ्चा' आहे. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या ज्या कथा जातकांत आहेत, त्यांच्या गद्यात हा शब्द पुनःपुन्हा येतो. हे गद्य आज ज्या रूपात आपल्या हाती आहे, ते साधारणतः इसवी सनाच्या पाचव्या शतकातले मानतात. कथा अर्थातच त्याहून जुन्या. म्हणजे मराठी भाषा जन्माला येण्याच्या आधीपासून 'लाच' हजर होती.

त्यांतल्या दोन कथा ऐकण्यासारख्या आहेत. पहिलीत काशीच्या राजाने, आपला खजिना रिकामा होईल या भीतीने, वस्तूंची किंमत ठरवणारा प्रामाणिक माणूस दूर केला आणि त्याच्या जागी एक अडाणी गडी नेमला. पुढे एक व्यापारी पाचशे घोडे घेऊन आला. या नव्या पारख्याने पाचशे घोड्यांची किंमत केली मापटेभर तांदूळ! व्यापारी बिचारा त्या जुन्या पारख्याकडे गेला. तो म्हणाला, 'त्या गड्याला थोडी लाच द्या आणि राजासमोर एवढंच विचारा, की मापटेभर तांदळाची किंमत किती?' व्यापाऱ्याने तसे केले. लाच पोटात गेलेला पारखी भर दरबारात म्हणाला, 'मापटेभर तांदूळ म्हणजे सगळी काशीनगरी, आतली नि बाहेरची!' दरबारात हशा पिकला, गड्याने पळ काढला आणि जुना माणूस आपल्या जागी परत आला. गंमत अशी, की लाच देण्याचा सल्ला देणारा हा जुना पारखी म्हणजे खुद्द बोधिसत्त्व. पण कथेतले मर्म निराळे आहे. लाचेने वस्तूची किंमत वाढत नाही किंवा कमी होत नाही. किंमत करण्याचे मापच मोडून जाते.

दुसरी कथा एवढी हलकीफुलकी नाही. काळक नावाचा सेनापती न्यायनिवाडे करीत असे आणि लाच खाऊन ज्याची वस्तू त्याची नाही, असा निकाल देत असे. असाच एक हरलेला माणूस रडत बाहेर आला आणि राजाच्या पुरोहिताच्या पायांवर पडला. 'तुमच्यासारखी माणसं दरबारात असताना असं व्हावं ना?' असा त्याचा सवाल. पुरोहिताने तो दावा पुन्हा ऐकला आणि ज्याची वस्तू त्याला दिली. तेव्हा जमलेल्या लोकांनी एवढा जयघोष केला, की तो राजवाड्यात ऐकू गेला. राजाने न्यायासन पुरोहिताकडे सोपवले. काळकाची प्राप्ती बुडाली, त्याने पुष्कळ कारस्थाने केली, आणि शेवटी संतापलेल्या लोकांच्या हातून तो मारला गेला. या काळकाला कथेत जे विशेषण लावले आहे, ते आहे 'लञ्चखादक'. आता याचे मराठी करावयाला कोश उघडण्याची गरज आहे काय? 'लाचखाऊ'! दीड हजार वर्षांत शब्द बदलला नाही आणि त्यातली क्रियाही बदलली नाही.

ही 'खाण्याची' क्रिया नीट लक्षात घेण्याजोगी आहे. आपण पगार घेतो, मजुरी घेतो, व्याज घेतो. लाच मात्र 'खातो'. पगार हातात येतो, लाच पोटात जाते. हातातली वस्तू मोजता येते, दाखवता येते, प्रसंगी परत करता येते. पोटातले कोण पाहणार? सरकारी पैसा खाण्याच्या चाळीस रीती कौटिल्याने अर्थशास्त्रात मोजून सांगितल्या आहेत. तेथे त्याने अधिकाऱ्याला पाण्यातल्या माशाची उपमा दिली आहे, तीही याच अर्थाची. मासा पाणी केव्हा पितो, ते कळावयाचे कसे? शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीच्या सुभेदाराला पत्र लिहून, रयतेच्या भाजीच्या देठाचाही लोभ धरू नये, अशी ताकीद दिली, तेव्हा तेही खाण्याच्या वस्तूवरच बोट ठेवीत होते. पहिला घास लहानच असतो. एकदा चाखून चटावणे याला जुन्या मराठीत 'लाचावणे' असे म्हणत. 'लुचपत' म्हटले, की आईच्या आचळाला लुचणारे वासरू डोळ्यांसमोर येते. वासराचे पोट तरी भरते. या लुचण्याला तेवढीही मर्यादा नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'लाच' आणि 'लाचार' हे शब्द कानाला बहीणभाऊ वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे नाते नाही. 'लाचार' हा शब्द परका. 'ला' म्हणजे नाही, आणि 'चारा' म्हणजे उपाय. ज्याला काही उपाय उरला नाही, तो लाचार. 'चारा नाही' असे आपण अजूनही म्हणतो, तो हाच चारा. शब्दांचे कूळ निराळे असले, तरी व्यवहारात दोघांची गाठ नेहमी पडते. उपाय खुंटलेला माणूस लाच देतो आणि एकदा लाच घेतलेला माणूस कायमचा लाचार होतो. त्यामुळे लोकांच्या कानांनी हे नाते जोडले, त्यांना फारसा दोष देता येणार नाही.

आता शेजाऱ्यांकडे पाहू. संस्कृतातला भारदस्त शब्द 'उत्कोच'. मनुस्मृतीने उत्कोच घेणारांना उघड चोरांच्या यादीत बसवले आहे. याज्ञवल्क्याने, अशा अधिकाऱ्याचे द्रव्य काढून घेऊन त्याला देशाबाहेर घालवावे, असे सांगितले आहे. पण 'उत्कोच' पोथीतच राहिला. बाजारात आणि चावडीवर चालला तो 'लाच'च. हिंदी-उर्दूतला 'रिश्वत' हा शब्द मूळ अरबी. अरबी कोशकार त्याचा संबंध 'रिशा' या शब्दाशी जोडतात. रिशा म्हणजे विहिरीतून पाणी काढण्याचा दोर. पाणी खोल आहे, हात पोचत नाही, तेव्हा दोर सोडावयाचा! इंग्रजी 'ब्राइब' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तेथे त्याचा अर्थ भिकाऱ्याला घातलेला भाकरीचा तुकडा. आपल्याकडे घास, अरबीत दोर, फ्रेंचमध्ये तुकडा! भिकाऱ्याचा तुकडा साहेबाच्या ताटात केव्हा गेला, याचा इतिहास मोठा उद्बोधक असला पाहिजे.

या सर्व शब्दांच्या भोवती सौम्य शब्दांची एक मोठी पंगत बसलेली आहे. 'नजराणा' घ्या. आपण त्याचा संबंध नजरेशी, म्हणजे पाहण्याशी लावतो. पण मूळ अरबी शब्दाचा अर्थ नवस, श्रद्धेने वाहिलेली वस्तू. 'बक्षीस' म्हणजे देणे, दान. 'दस्तुरी' ही 'दस्तूर' म्हणजे रिवाज या शब्दावरून आली. 'मामूल' म्हणजेही नेहमीची चाल. मराठीत 'मामुली' म्हणजे किरकोळ, साधे. पण दक्षिणेत कोणी 'मामूल' मागितला, तर तो नियमाने पोचवावयाचा पैसा असतो. 'हप्ता' हा फारसी 'हफ्त' म्हणजे सात यावरून आला. सात दिवसांचा आठवडा, आठवड्याची ठरलेली रक्कम. कर्जाचा हप्ता असतो आणि दुसराही हप्ता असतो, हे शहरातल्या फेरीवाल्याला सांगावे लागत नाही. या पंगतीत एकही शब्द जन्मतः वाईट नाही. नवस, दान, रिवाज, आठवडा ही सारी चांगल्या घरची नावे. लाचेला जेव्हा जेव्हा उजळ माथ्याने वावरावेसे वाटते, तेव्हा तेव्हा ती असे एखादे नाव उसने घेते.

नाव बदलल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. काय बिघडते, ते पेशवाईच्या दप्तरात स्पष्ट दिसते. १८१८ साली पेशवाई बुडाली. जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था लावण्यास माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याला नेमले होते. त्याने १८१९ साली या मुलखाविषयी एक मोठा अहवाल लिहिला. साहेब जेता होता, हे लक्षात ठेवूनच तो वाचावयास हवा. पण पुष्कळ बाबतींत त्याची नजर बारीक होती. तो सांगतो, की सरकारधाऱ्याशिवाय मामलेदार रयतेवर एक जादा पट्टी बसवीत. तिचे नाव सादिलवार पट्टी. महालाचा किरकोळ खर्च भागवावयाचा, ही तिची सबब. या खर्चातली मोठी बाब म्हणजे 'दरबारखर्च', किंवा 'अंतस्त'. हा शब्दच पाहा. अंतःस्थ, म्हणजे आतला! दरबारातले कारभारी आणि हिशेब तपासणारे यांना गुपचूप द्यावयाचा पैसा तो अंतस्त.

यापुढे जे घडले, ते खरे ऐकण्यासारखे आहे. आरंभी हा पैसा लपून दिला जाई. हळूहळू रक्कम ठरून गेली. ठरलेली रक्कम म्हणजे जणू हक्कच झाला आणि ती बाब राजरोस हिशेबात लिहिली जाऊ लागली. इतर खर्चाप्रमाणे तिचीही तपासणी होऊ लागली! म्हणजे लाच खाणाऱ्यांपुढे लाचेचा हिशेब, वहीत नोंदून, मंजुरीसाठी जाऊ लागला. येथे गोष्ट संपावयास हवी होती. पण ती संपली नाही. कारण जी रक्कम वहीत आली, ती लाच उरली नाही. ती मिळणारच, मग तिच्यासाठी कोणी कोणावर मेहेरबानी का करावी? तेव्हा काम करून घ्यावयाला वहीबाहेरची नवी लाच द्यावी लागू लागली आणि तिच्यासाठी रयतेवर आणखी वसुली बसली. या नाजूक बाबीत तपासनीस फार खोलात शिरत नसत. त्यामुळे वरच्यांना द्यावयाचे म्हणून मामलेदार जे गोळा करीत, त्यातले बरेचसे त्यांच्या स्वतःच्याच घरात राही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी मामलतीच मक्त्याने, जास्त रकमेची बोली करणाराला, दिल्या जाऊ लागल्या. मग तर विकत घेतलेल्या अधिकाराचे पैसे वसूल करणे हाच कारभार होऊन बसला.

श्रोतेहो, लाचेच्या इतिहासातला सर्वांत मोठा धडा मला या दरबारखर्चात दिसतो. पुष्कळ लोक म्हणतात, 'द्यावं लागतंच ना? मग एकदाचा दर ठरवून टाकावा!' पुण्याच्या दरबारात दर ठरला होता. त्याने लाच थांबली नाही. जुनी लाच हक्क बनली आणि तिच्या डोक्यावर नवी लाच येऊन बसली. दोन्हींचा भार मात्र शेवटी गेला तो नांगर धरणाऱ्या कुणब्यावर.

इंग्रजी राज्यात ही रीत बुडाली, असे समजण्याचे कारण नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहून पुरा केलेला 'शेतकऱ्याचा आसूड' पाहावा. अडाणी शेतकऱ्याला खालपासून वरपर्यंतचे कामगार कसे नागवतात, याचे त्यात चित्र आहे. आणि पाचच वर्षांनी, १८८८ साली, पुण्यात मोठेच प्रकरण उघडकीस आले. आर्थर क्रॉफर्ड हा मध्य विभागाचा कमिशनर. मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर म्हणून त्याने नाव कमावलेले. तेथली प्रसिद्ध मंडई त्याच्याच नावाने ओळखली जाई. बढती आणि बदली यांसाठी मामलेदारांकडून हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत तो पैसे उकळतो, असा त्याच्यावर आरोप आला. खरे सांगणाराला धक्का लागणार नाही, असे अभयवचन सरकारने दिले, तेव्हा मामलेदार साक्षीला उभे राहिले. मध्यस्थाला शिक्षा झाली. साहेबाची चौकशी एका मंडळापुढे झाली, आणि मंडळाने ठरवले, की लाच सिद्ध होत नाही. हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढले, एवढे मात्र सिद्ध होते! साहेबाची नोकरी गेली. पण त्याच्या माथी 'लाच' हा शब्द लागला नाही. तेथे 'कर्ज' हा शब्द धावून आला.

मामलेदारांचे नशीब निराळे. 'आम्ही पैसे दिले' असे त्यांनी शपथेवर सांगितले होते. तेव्हा स्वमुखाने लाच दिल्याचे सांगणारे लोक न्यायासनावर कसे बसतात, असा गिल्ला विलायतेपर्यंत झाला. सरकारच्या शब्दावर विसंबून साक्ष देणारांचा असा विश्वासघात होऊ नये, म्हणून लोकमान्य टिळकांनी त्यांची बाजू जोराने मांडली. १८८९ साली त्यांना संरक्षण देणारा कायदाही झाला. तरी काहींना नोकरी गमवावी लागलीच. घेणाऱ्याला सौम्य शब्द मिळाला आणि खरे बोलणाऱ्याला कठोर. त्या मंडईचे नाव पुढे बदलले. आज तिच्यावर महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. लोकांच्या तोंडी जुने नाव अजून असले, तरी पाटीवर कोणाचे नाव शोभते, याचा निकाल काळाने दिला आहे.

या प्रकरणाने एक प्रश्न मागे ठेवला. नाइलाजाने देणारा आणि आपण होऊन देणारा, या दोघांत फरक करावयाचा की नाही? कायद्याला तो सुटावयास पुष्कळ वर्षे लागली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत १६१ वे कलम सरकारी नोकरासाठी होते. १९४७ साली भ्रष्टाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. १९८८ साली त्याच्या जागी नवा आला आणि दंडसंहितेतले ते कलम त्यात सामावले गेले. २०१८ सालच्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला. पण ज्याच्यावर जबरदस्ती झाली, त्याने सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास करणाऱ्या यंत्रणेला कळवले, तर तो गुन्हेगार ठरत नाही. म्हणजे 'लाच' आणि 'लाचार' यांतला भेद अखेर कायद्यानेही मानला.

मात्र कायद्याची स्वतःची भाषाही याबाबतीत सौम्यच. १८६० च्या कलमात वेतनाव्यतिरिक्त घेतलेल्या लाभाला जो इंग्रजी शब्द होता, त्याचे कायद्याच्या मराठी परिभाषेत 'परितोषण' झाले. परितोषण म्हणजे संतुष्ट करणे! १९६४ साली संथानम समितीने आपला अहवाल दिला. काम केवळ लवकर व्हावे म्हणून, काही गैर करून घ्यावयाचे नसतानाही, लोक कचेऱ्यांतून पैसे देतात, हे तिने नमूद केले. तेथेही त्या पैशाला 'गतीचा पैसा' अशा अर्थाचे नाव मिळालेले होतेच. आपल्या राज्यात १९५७ साली जो विभाग स्थापन झाला, त्याचे नाव मात्र लोकांच्या भाषेतले आहे. 'लाचलुचपत प्रतिबंधक विभाग' अशी पाटी वाचली, की खेड्यातल्या म्हातारीलाही आत काय काम चालते, ते कळते. 'परितोषण प्रतिबंधक' असे लिहिले असते, तर ती पाटीला नमस्कार करून पुढे गेली असती!

तेव्हा या शब्दाच्या कुळकथेतून हाती काय लागते? राज्ये बदलली, नाणी बदलली, दप्तरे मोडीतून बाळबोधीत आली. लाचेने या काळात किती नावे घेतली आणि टाकली! नजराणा झाली, दस्तुरी झाली, दरबारखर्च झाली, साहेबाचे कर्ज झाली, चहापाणी झाली. ज्या दिवशी तिचे एखादे नवे नाव रूढ झाले, त्या दिवशी ती रिवाज बनली आणि तिच्या पाठीमागे दुसरी येऊन उभी राहिली. जातककथेतला तो रडणारा माणूस न्यायसभेबाहेर आला, तेव्हा काळकाने 'नजराणा घेतला' असे तो म्हणाला नाही. 'लाच खातो' असे तो म्हणाला, आणि ते ऐकणारा एक माणूस त्याला भेटला. वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली, की निदान ती वळून पाहते. कोणी आपल्याकडे चहापाण्याचे पैसे मागितले, तर पहिला प्रश्न एवढाच विचारावा, आणि तोही जरा मोठ्याने : 'म्हणजे लाच म्हणता का?' पुष्कळदा हात मागे जावयाला तेवढेही पुरे होते.